शेवटच्या रांगेतला पाय

भुताखेतांचे मेसेज मी वाचतही नाही, सरळ डिलीट करते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... त्याहून जास्त किळस येतेय. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

मी घोडबंदर रोडला राहते, आयटीत आहे. माहेर बाळकुमचं, आम्ही कोळी. आईचं अर्धं आयुष्य खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या पकडण्यात गेलं. तिची एकच हौस — आपली खाडी वरून कशी दिसते ते बघायचं. गेल्या वर्षी आम्ही दोघी गोव्याला गेलेलो. येताना मुद्दाम दिवसाचं विमान घेतलं. पूर्वेकडून उतरताना ठाण्याची बाजू उजवीकडे येते, म्हणून उजवी खिडकी. पंख आड नको, म्हणून मागची. मिळाली ती अगदी शेवटची रांग. पाठीमागे थेट टॉयलेटची भिंत, सीट मागे झुकतही नव्हती.

आई खिडकीला, मी मध्ये, कडेला डोंबिवलीचे एक काका. आई काचेला नाक लावून बसलेली. विमान खाली यायला लागलं आणि ती पुटपुटली, "शी! त्याला पाय काडायला सांग गो."

"कोणाला?"

तिने बोट दाखवलं. तिची सीट आणि खिडकी यांच्या फटीतून मागून एक अनवाणी पाय आलेला... तिच्या आर्मरेस्टवर टेकलेला. ओला. नखं काळी, टाच भेगाळलेली, बोटांच्या बेचक्यात पांढरी बुळबुळीत कातडी. आणि कुजक्या गाळाचा वास.

पाण्याच्या बाटलीने मी तो ढकलला. बाटली आत रुतली, भिजलेल्या पावात रुतावी तशी. खळगा पडला, तो भरून आलाच नाही.

"ओ, पाय घ्या मागे! लाज नाही वाटत?" मी ओरडले.

काका त्या माणसाला झापायला तावातावाने वळले आणि तसेच थांबले. "अहो मॅडम... मागे भिंत आहे."

पाय सावकाश मागे सरकला. सगळ्यात शेवटी अंगठा.

एअर होस्टेस आली. आर्मरेस्टवरचा काळा गाळ, आईच्या बाहीवरचे ओघळ बघून तिने नाक मुरडलं. "आंटी को वॉमिट हुआ क्या?"

पुढचे लोक वळून बघायला लागले. आई मान खाली घालून बाही पुसत राहिली. टिश्यू संपले तेव्हा चाकं जमिनीला टेकलेली. खाडी कधी मागे पडली, कळलंच नाही.

उतरताना मी त्या फटीत हात घालून बघितला. जेमतेम दोन बोटं गेली. आत कोरडं प्लास्टिक.

"काका, तुम्ही पाहिलात ना?"

"पाहिला," एवढंच बोलून ते निघून गेले.

एअरपोर्टच्या वॉशरूममध्ये आईने दंड लाल होईपर्यंत साबणाने घासला. "मी वकले नाय," ती सारखी म्हणत होती, "त्या पोरीला जाऊन सांग."

ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, एसीचं पाणी गळलं असेल. एसीच्या पाण्याला नखं असतात का? तो पाय कोणाचा, आला कुठून... मला आजही सांगता येत नाही.

परवा आईला म्हटलं, पुन्हा जाऊ, या वेळी पुढची खिडकी घेते.

"मना मधली शीट दे," ती म्हणाली. "खाडी तू बघ, नि मना सांग."