भिंगरी आणि चित्रकलेची स्टुलं

चौथीच्या बाईंना खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जेवण उभ्यानं, वह्या तपासणं उभ्यानं. नवरा तर म्हणायचा, "हिला देवानं गुडघे दिलेच नाहीत!" पण आजच्या येरझाऱ्या वेगळ्या होत्या. आज बाईंच्या जिवाला नुसता घोर लागला होता.

घोर भिंगरीचा. पोरगी हुशार, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ! मुख्याध्यापकांनी ठरवूनच टाकलं होतं की हिला तिसरीत बसवायचं, तेही धाकट्या भावाच्या शेजारी. बाईंनी हातापाया पडून एक तास मागून घेतला. तो तास बघायला आज सर स्वतः येणार होते.

"चित्रकलेची स्टुलं मधे घ्या रे," बाई म्हणाल्या. स्टुलं चौदा, हे त्यांना तोंडपाठ. "सारख्या ओळी लावायच्या, ओळीत निदान दोन तरी हवीत. एकाहून जास्त ओळी नीट जमल्या, काही उरलं नाही, तर संख्या संयुक्त. एकाच लांब ओळीत लावावी लागली, तर मूळ. लाव गं, भिंगरे."

तेवढ्यात सर आले, पहिलं हाताला लागलं त्यावर टेकले आणि घड्याळ बघू लागले.

भिंगरीनं खडखडाट मांडला. दोन-दोन लावली, एक उरलं. तीन-तीन लावली, एक उरलं. चार-चार लावली, तरी मेलं एक उरलंच. तिनं हात झटकले. "मूळ आहे, बाई."

येरझाऱ्या घालता घालता बाई थबकल्या. चौदा आणि मूळ? अगं बये, सात दुणे किती!

"बघितलंत?" सर म्हणाले. "पाच, सहा, सात कोण लावणार? धीर म्हणून नाही."

"कशाला लावू?" भिंगरी जागच्या जागी उड्या मारत म्हणाली. "पाच-पाच लावा नाहीतर सहा-सहा, ओळी दोनच्या वर जातच नाहीत. दोननं जमत नाही, हे आत्ताच बघितलं की! तेच आडवं बघायचं."

"अगं, पण चौदाला..."

"चौदा कुठायत? तेरा आहेत."

बाईंनी घाईघाईनं मोजली. खरंच तेरा! मग चौदावं गेलं कुठं? अख्खा वर्ग सरांच्या खाली बघून फिदीफिदी हसत होता.

"सर, जरा उठता का?" भिंगरीनं विचारलं. सर उठले. तिनं ते स्टूल ओढलं आणि बघता बघता सात-सातच्या दोन ओळी लावून मोकळी झाली. "आता संयुक्त."

सर उभेच राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "राहू दे हिला चौथीतच," आणि निघून गेले.

भिंगरीचा चेहरा पडला. "म्हणजे मी इथं बसून राहायचं?"

"बसायचं कोण म्हणतंय, बाळा? तू फक्त इथं राहा." बाईंचा घोर एकदाचा मिटला होता. जवळचं स्टूल ओढून त्या मटकन बसल्या.

"बाई, उठा!" भिंगरी ओरडली. "तुमच्यामुळे पुन्हा तेरा झाली!"