डावीकडचं झाड

बाबांना तैलरंग मीच आणून दिले, सावंतवाडीहून. मी तिथे शाळेत शिकवते आणि शनिवारी नांदगावला घरी येते. त्या उन्हाळ्यात काजूच्या बागेत त्यांना चक्कर आली होती. "ऊन लागलां," एवढं बोलून त्यांनी डॉक्टरचा विषय मिटवला, आणि आईने त्यांचं बागेत एकटं जाणं बंद केलं. मग घरात बसून बाबांना आईच्या फोडणीपासून शेजारच्या कोंबड्यांपर्यंत सगळ्यांत खोट दिसायला लागली. त्यांच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

रविवारी सकाळी टीव्हीवर तैलरंगांत निसर्गचित्र काढायला शिकवणारा एक कार्यक्रम लागायचा. शिकवणारे गृहस्थ इतके गोड बोलायचे की मला त्यांचा रागच यायचा. चुकलं तरी काही बिघडत नाही, म्हणायचे. अर्ध्या तासात तळं, झाडं, बर्फाचे डोंगर उभे करून मोकळे. बाबा टीव्हीसमोर स्टुलावर बोर्ड टेकवून त्यांच्यामागे धावायचे. बर्फ त्यांना पसंत नव्हता. त्यांच्या डोंगरांवर आमच्याकडची तांबडी माती यायची. पावसात रंग सुकेनात, तेव्हा आईने कुरकुर करत चित्रं चुलीवरच्या फळीवर ठेवली, आणि सगळ्या आभाळांना धुराची झाक आली.

एकदा एका चित्राची डावी बाजू कोरीच राहिलेली पाहून मी त्यांना चिडवलं, "बाबा, डावीकडची जागा कोणाक भाड्यान दिलास?"

"खंयची जागा?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, तेही माझी फिरकी घेतायत. मी हसले. आई हसली नाही, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर बाबांनी हात पुसले, स्कूटरची चावी घेतली आणि मासे आणायला कणकवलीला निघाले. आई मागे बसली. हल्ली ती त्यांच्याबरोबर कुठेही जायची. मासे आणायला दोघं कशाला, असं मी म्हटलं, तर तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते गेल्यावर मी सगळी चित्रं पडवीत ओळीने मांडली. फोटो काढून स्टाफरूममध्ये मिरवायचं होतं. फोनवर ती चित्रं लहान होऊन एकाखाली एक दिसली आणि मी पाहतच राहिले. प्रत्येक चित्राची डावी बाजू कोरी होती. आजच्या चित्रात तळं होतं, डोंगर होता, पण झाड नव्हतं. टीव्हीवरच्या त्या गृहस्थांनी आज निम्मा वेळ डावीकडच्या झाडावरच घालवला होता.

मग एकेक आठवत गेलं. जेवताना बाबांच्या ताटात डाव्या बाजूचा भात तसाच राहायचा. आम्ही म्हणायचो, भूक कमी झाली. फाटकाचा डावा खांब त्यांच्या स्कूटरने खरवडला होता. त्यांनी त्याचं खापर खांबावरच फोडलं होतं. आणि आता ते आईला घेऊन महामार्गावर होते.

बाबांना फोन लावला, तो टीव्हीशेजारीच वाजला. आईने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. पायात सापडेल ती चप्पल घालून मी फाट्यावर धावले. येणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे जीव मुठीत धरून पाहत होते आणि मनात स्वतःलाच शिव्या देत होते. भाड्याने दिली म्हणे जागा!

शेवटी ते दिसले. आमच्या वाटेला लागायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून बाबा दुभाजकाच्या मोकळ्या जागेत थांबले होते. त्यांच्या डावीकडून डंपर येत होता. बाबांनी उजवीकडे पाहिलं, समोर मला पाहिलं, हसले आणि गाडी पुढे घेतली.

मी किंचाळले. तेवढ्यात आईने त्यांच्या डाव्या खांद्यावर जोरात थाप मारली. ब्रेक लागला. डंपर हॉर्न वाजवत त्यांच्या तोंडासमोरून गेला आणि आईचा पदर उडाला.

दोघं अलीकडे आली. भीतीने मी आईवरच ओरडले, "फोन उचलूक काय झालां तुका?"

"माझो हात त्यांच्या खांद्यार असता," ती म्हणाली. "पावसाच्या आधीपासून डावीकडचां मीच त्यांका सांगतंय. माका वाटलां, वय झालां, ध्यान रवणा नाय."

बाबा अजून रस्त्याकडेच पाहत होते. "तो डंपर खंयसून इलो?" त्यांनी विचारलं.

तिथून आम्ही स्कूटर ढकलत घरी आणली. मी आजचं चित्र त्यांच्या पुढ्यात धरलं. "बाबा, मान वळवा. आणखी. आता बघा."

त्यांनी मान पार डाव्या खांद्यापर्यंत वळवली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हंय झाड होतां," ते म्हणाले. "माझां झाड कोणी पुसल्यान?"

मला रडू आलं. आई माशांची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. बागेतली ती चक्कर उन्हाची नव्हती, मेंदूला झटका बसला होता, हे डॉक्टरांनी आम्हाला संध्याकाळी सांगितलं. दुपारी एवढंच कळत होतं की बाबांच्या हातून काहीतरी गेलंय, आणि ते आता त्यांनाही दिसलंय.

त्यांनी खिशातून स्कूटरची चावी काढली. मी हात पुढे केला, पण त्यांनी ती मला दिली नाही. आईला जवळ बोलावलं.

"ही माझ्या डाव्या बाजूक ठेव," ते म्हणाले. "थंय माका ती सापडाची नाय."