नंदूकाकांचा पाइप आणि मुहूर्ताचा नारळ

परदेशात, बेडोकला राहणाऱ्या नंदूकाकांची ही गंमत सांगायलाच हवी. उभा जन्म जहाजांच्या इंजिनांत गेलेला, त्यामुळे घरच्या नळाला परका हात लागलेला त्यांना खपत नसे. सरकार जुन्या फ्लॅटांतले गंजके पाइप आपल्या खर्चाने बदलून देत होतं. अख्खी बिल्डिंग 'हो' म्हणाली, काका मात्र अडून बसले. इकडे तांबड्या पाण्यात तांदूळ धुऊन कुमुदकाकू मेटाकुटीला आलेल्या.

शेवटी प्लंबरांचे मुकादम मिस्टर लिम दारात उभे राहिले. काकूंनी तर मुहूर्ताचा नारळही आणून ठेवला होता!

"अंकल, लास्ट चान्स, लाह!" लिमनी तिथल्या खास ढंगात बजावलं.

काका बायकोकडे वळले. "अगं, पोटच्या पोरासारखा जपलाय मी हा पाइप. कसा धट्टाकट्टा आहे, बघच!" असं म्हणून त्यांनी तोच नारळ उचलला आणि पाइपावर दाणकन आपटला.

नारळाला साधा तडा नाही, पाइपाचे मात्र दोन तुकडे! असं कारंजं उडालं की तिघंही नखशिखांत चिंब.

लिम पाणी बंद करायला धावले. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. "अहो, आता तरी हो म्हणा!"

"म्हणतो की," काका निथळत म्हणाले, "पण आधी नारळ फोडायला दुसरं काहीतरी दे!"