घासूनपुसून चकचकीत केलेला ब्लॉक

चंद्रपुरात माझं बोअरिंगचं दुकान आहे. धूर मारणारं, तेल पिणारं इंजिन लोक खोलतात, त्याचा ब्लॉक माझ्याकडे आणतात, आणि मी त्यातला बोअर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन खालीवर पळतो ते, किंचित मोठा करून पुढच्या मापाच्या पिस्टनसाठी तयार करून देतो. ट्रॅक्टर, खाणीवरचे ट्रक, पाण्याचे पंप असं सगळं येतं. एटापल्लीकडच्या जीपचे ब्लॉक पोत्यात गुंडाळून येतात. गाव कोणतंही असो, मागणी एकच असते, फिटिंग टाइट पाहिजे. पिस्टन तापला की फुगतो, त्याला थोडी जागा सोडावी लागते, हे मी आयुष्यभर सांगत आलो. लोक मान डोलावतात आणि जाता जाता म्हणतात, पण जरा टाइटच ठेवा जी.

दुसरी मागणी चमकीची. बोअर आतून आरशासारखा दिसला नाही की यांना वाटतं काम अर्धवट सोडलं. आंदणातली भांडी आणि इंजिनाचा बोअर यांत यांना फरकच करता येत नाही. मी रोज घसा कोरडा करतो आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी.

अशात माझ्या साळ्याला रेसिंगचं खूळ लागलं. तो वरोऱ्याला आपल्या आईबरोबर राहतो, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करतो. लग्नाचं वय टळून चाललंय आणि हा सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत असतो. गाडीचा मूळ ब्लॉक काढून त्याने रेसिंगसाठी बनवलेला बाहेरचा मोठा ब्लॉक आणि त्याचा पिस्टन मागवला. हे ब्लॉक मुद्दाम थोडे कमी मापाचे येतात. शेवटचं माप पिस्टन हातात घेऊन, त्याच्यावरून काढायचं असतं. नागपूरकडे रविवारी मोठी रेस होती, आणि हा ब्लॉक घेऊन त्याच आठवड्यात उगवला.

खरं सांगायचं तर मी खूश झालो होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर कोणी भांडावं असं काम माझ्याकडे येतंच कुठे? पण साळ्याने त्या खुशीचं भरीत केलं. दर तासाला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवायचा, त्यात थंडगार खोलीत पांढरे हातमोजे घालून कोणी तरी गोरा माणूस बोअर मोजतोय. आमच्याकडे मे महिना. दुपारी तो ॲल्युमिनियमचा ब्लॉक हातात धरवत नव्हता. तापलेल्या ब्लॉकचं माप घेणं म्हणजे सुजलेल्या पायाला जोडा घेणं. म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि मोजायचं डायल रात्रभर एकाच टेबलावर ठेवून मी पहाटे मोजायचो, आणि हा नऊ वाजता फोन करून विचारायचा, अजून झालं नाई काय?

झालं एकदाचं. ब्लॉकच्या डोक्यावर जाड लोखंडी प्लेट कसून मग बोअर केला, कारण गाडीवर हेड, म्हणजे वरचं झाकण, घट्ट कसलं की ब्लॉक थोडा दबतो, तो आधीच दबवून घेतलेला बरा. पिस्टनभोवती मिलिमीटरचे साडेसहा शतांश एवढी फट सोडली. डोक्याचा केस साधारण तेवढाच जाड असतो. आठ शतांश ही त्या पिस्टनची हद्द होती. शेवटी होनिंग केलं, म्हणजे फिरत्या दगडांनी आतल्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी काढली. त्या जाळीत तेल धरून राहतं. तेल राहिलं नाही तर पिस्टन भिंतीला चिकटतो, इंजिन जाम होतं आणि भरवेगात मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

ब्लॉक देताना मी साळ्याला बजावलं की घरी गेल्यावर गरम पाणी आणि साबणाने धू, पांढरं फडकं आतून फिरव, फडकं स्वच्छ निघेपर्यंत धूत राहा. दगडाची भुकटी आत राहता कामा नये. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात हा गडी पहिल्या नंबरचा.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. बोअर चकचकीत होता. रेघ नावाला नाही. खाली लिहिलं होतं, भाऊजी, आईनं काय मस्त चमकवला पाहा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात धुण्याची गोष्ट म्हटली की ती आईकडे जाते, मग तो शर्ट असो की इंजिन. सासूबाईंनी आधी साबण लावला, मग चुलीतली राख, आणि तरी रेघा जाईनात म्हणून लेकाच्या पेटीतला पॉलिशपेपर काढून सकाळभर घासलं. मी साळ्याला सांगितलं, ब्लॉक घेऊन ये, आणि येताना त्यांनाही आण. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं.

दोघं बसने आले. मी तोंड उघडण्याआधी माप घेतलं. बोअर गोल राहिला नव्हता. ज्या बाजूला सासूबाईंचा अंगठा दाबत होता तिकडे तो जास्त खाल्ला गेला होता. पुन्हा होनिंग करून गोल आणि जाळीदार करता आला असता, पण मग फट दहा शतांशावर जाणार. याहून मोठा पिस्टन त्या ब्लॉकला मिळत नव्हता. म्हणजे ब्लॉक गेला.

मी विचारलं, "आई, हे काय करून ठेवलंत?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "रेघा होत्या त्याच्यात, जवाईबापू."

माझे सासरे एटापल्ली ते भामरागड सवारीची जीप चालवायचे. माझ्या लग्नाआधीच ते गेले. जीप पलटली, एवढंच मला सांगितलेलं. उरलेलं त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या दुकानात, स्टुलावर बसून सांगितलं. उतारावर इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली आणि जीप घसरून नाल्यात गेली. नंतर मिस्त्रीने इंजिन खोललं, त्यांना बोलावून बोअर दाखवला आणि म्हणाला, ह्या रेघा पडल्या पाहा बाई, ह्याच्यानंच झालं. त्यानंतर त्यांनी इंजिन आतून कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते हेच, लेकाचं, आणि ते रेघांनी भरलेलं.

जुळवून ठेवलेलं सगळं भाषण वाया गेलं. चीड गेली नव्हती, पण आता ती कोणावर काढायची तेच कळेना. इतकी वर्षं त्या घरात एकाही माणसाने ही गोष्ट माझ्यासमोर काढू नये? मी इंजिनांवर पोट भरणारा माणूस, त्यांचा जावई.

कोपऱ्यात एका जाम झालेल्या जीपचा ब्लॉक पडला होता. मी त्यांचं बोट धरून त्यात फिरवलं. उभ्या ओरखड्यांत नख अडकत होतं. मग तयार होऊन पडलेल्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्ये फिरवलं. तिथे तिरपी जाळी दिसत होती, पण नखाला लागत नव्हती. पहिल्या रेघा इंजिन मेल्याच्या, ह्या ते जगवायच्या, असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा दोन्हीकडे बोट फिरवून पाहिलं.

"मंग म्या चांगल्या रेघा पुसल्या," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांचा समज काढायला गेलो आणि त्यांच्या हातात अपराध ठेवून बसलो.

साळ्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्याला रविवार दिसत होता. होनिंग मारून द्या, दहा तर दहा, असा त्याने धोशा लावला. मी सांगितलं की दोन शतांश हद्दीबाहेर जातंय, पिस्टन आत डुलेल, एखाद्या उडीवर फुटेल. तो हसला. "दोन शतांश म्हणजे दिसते तरी काय भाऊजी? एका रेसपुरतं चालते न जी. कोन मोजून राह्यलं तिथी?"

मी ओरडणारच होतो. सासूबाई स्टुलावरून उठल्या, माझ्या हातातला ब्लॉक काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"तुह्या बापाचंही कोनी मोजलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

साळा रविवारी घरीच होता.