मोहोराची बाजू

सकाळपासून फोन हातात घेतो आणि ठेवतो. काल लेक म्हणाली, "बाबा, आईच्या वाट्याच्या बागेचा करार यंदा संपतोय. मी तिला सांगितलंय, तुम्हालाच विकून टाक. तिला नाहीतरी कधी बाग जमली नाही."

हे वाक्य माझं. लेक इतकी वर्षं ते माझ्याच तोंडून ऐकत आली.

घटस्फोटाच्या वेळी पावस गावची आंब्याची बाग निम्मी निम्मी करायची ठरली. वाटे मी पाडावेत आणि पहिला तिनं उचलावा, असं मीच सुचवलं. वकिलांनी वाखाणलं, गावात नाव झालं. आम्ही बागेत गेलो तेव्हा मधल्या जांभ्या दगडाच्या गडग्यापलीकडची, विहिरीकडची कलमं मोहोरानं झाकली होती. रस्त्याकडच्या कलमांवर नुसती पालवी. त्या वर्षीचं पीक आधीच व्यापाऱ्याला दिलेलं होतं. तिचं उत्पन्न सुरू होणार होतं पुढच्या वर्षी.

ती चिपळूणची, शाळेत शिकवणारी. आमच्या घरात बागेचं बायकांना कुणी विचारत नसे. तरी हापूस वर्षाआड फळ धरतो एवढं तिच्या कानावर होतं.

"ही दरवर्षी एवढी मोहोरतात?"

"तरणी कलमं आहेत. दरवर्षी."

तिनं विहिरीकडची बाजू घेतली आणि त्याच कलमांच्या भरवशावर लेकीच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. मी सगळं ठाऊक असून सही केली.

पुढच्या वर्षी माझी बाजू मोहोरली. तिच्याकडे पालवी. कॉलेजच्या फीसाठी तिनं बाग हातखंब्याच्या एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात बऱ्याच वर्षांच्या करारानं देऊन टाकली. आणि मी लेकीला म्हणायला लागलो, "तुझ्या आईला जमलं नाही गो."

आज लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? तिला सांगा."

घरात येरझारा घातल्या. चहा टाकला, तो तसाच गार झाला. शेवटी तिच्या आईला फोन लावला.

"बोला."

"बाग विकू नकोस. मलाही नको आणि दुसऱ्या कुणालाही नको." मग सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. थांबलो असतो तर पुढचं गिळलं असतं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. शाळेत विचारत असेल तशा आवाजात विचारलं, "यंदा कुठली बाजू मोहोरलीय?"

"तुझी."

"खरं?"

खरंच होतं. पण तेव्हा 'दरवर्षी'ही मीच म्हणालो होतो.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस," मी म्हणालो. "येऊन बघ."