काठोकाठ भरलेली पिंपं

साथीचे रोग शिकवताना पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना सांगत असे, आजारी माणसाकडे नंतर बघा, आधी तो राहतो ती गल्ली बघा. हे वाक्य त्यांना फार आवडायचं आणि दरवर्षी परीक्षेत उत्तर येत नसलं की ते हेच लिहून ठेवायचे. ते मला कुठे सुचलं, हे मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही.

पासष्टच्या लढाईत जबलपूरचे कारखाने दिवसरात्र चालू होते. बाबा त्यातल्याच एकात फोरमन होते. मी मेडिकल कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि कारखान्याच्या वसाहतीत आईबाबांकडेच राहत होते. बॉम्ब पडणार तर आपल्याच वसाहतीवर, याबद्दल कोणाला शंका नव्हती. म्हणून प्रत्येक गल्लीला एक वॉर्डन नेमला. आमच्या गल्लीचे वॉर्डन बाबा. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. सगळी नोकरी साहेबांपुढे 'जी सर' करण्यात गेलेली, आता स्वतः हुकूम सोडायला मिळाले. स्वारी खुशीत होती.

बाबांचा हुकूम असा, की आग विझवायला प्रत्येक दारात पाण्याचं पिंप हवं, तेही काठोकाठ. रोज संध्याकाळी ते फेरी मारत. पाणी जरा खाली दिसलं की म्हणत, "भैया, ये क्या है? लढाई चल रही है!" लोक मुकाट्याने वरून भर घालत. पिंप रिकामं करून घासायची कोणाची हिंमत नव्हती. नेमकी तेव्हाच फेरी आली तर काय घ्या?

मग गल्लीत हाडमोड्या ताप आला. पहिली आमची आईच पडली. तिला कूसही बदलता येईना. मी घरोघर हिंडले. मागच्या गल्लीचा वॉर्डन महाआळशी, तिथली पिंपं कोरडी ठणठणीत, आणि तिथे ताप जवळपास नव्हताच. आमची आज्ञाधारक गल्ली अंथरुणाला खिळली होती आणि ती बेशिस्त गल्ली ओट्यावर पत्ते कुटत होती. घरी येऊन आमच्याच पिंपात पेला बुडवला. पेल्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

कारखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर वरून फर्मान निघालं असतं आणि बाबांची पट्टी गेली असती. म्हणून आधी पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, डास यातच होऊन राहिले. दर आठवड्याला पिंप उपसून, घासून भरायला सांगा."

"म्हणजे तुझ्या आईला..." ते थांबले. मग चिडून म्हणाले, "अन् उपसलं तेव्हाच बॉम्ब पडला तर?"

आतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं.

"वर सांगणार आहेस?"

"तुम्हीच सांगितलं तर मी काहून सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पट्टी बांधली, शिट्टी फुंकून गल्ली गोळा केली आणि सगळ्यांदेखत आमचं पिंप आडवं केलं. "हुकुम मेरा था, गलती भी मेरी है. पलटाओ." मागून कोणीतरी खुसखुसलं. बाबांचे कान लाल झाले, पण त्यांनी एकही दार सोडलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. ताप हळूहळू ओसरला.

आई उठून बसू लागली तेव्हा मी तिला सगळं रंगवून सांगितलं. पेल्यातल्या अळ्यांपर्यंत आले तशी ती शांतपणे म्हणाली, "त्या मी ताप यायच्या आधीच पाहिल्या होत्या."

"मग बोलली काहून नाहीस?"

आईने खिडकीबाहेर पाहिलं. बाबा फेरीवर होते.

"लोक पहिल्यांदाच त्यांचं ऐकून राहिले होते गं."