‘नाही’ न लिहिणारे काका

लढाईच्या दिवसांत कर्जतपासून खालापूरपर्यंत जेवढी माणसं नोकरीला लागली, त्यांतली निम्मी आमच्या काकांनी लावली. आणि उरलेल्यांनी काकांकडून अर्ज लिहून घेतला असता, तर ती आहेत त्याहून वरच्या खुर्चीत बसली असती. हे माझं मत नव्हे, काकांचं. पण ते इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथं राजीनामा देऊन नवा अर्ज करावा. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. घर कळंबला, भाताची शेती, इंग्रजी चार यत्ता झालेल्या, आणि स्वतः जन्मात कुठं नोकरी केलेली नाही. तरी लोक त्यांच्या ओसरीवर येत. दुसरं कोण होतं इंग्रजीत लिहिणारं?

“अर्ज म्हंजे सोयरीक रं,” ते म्हणत. “पोरगी दावताना ती घोरते म्हणून कोन सांगतं का? खोटं वर्ज्य. पन खरं हाय ते नटवून बसवायचं.” मॅट्रिकला पुन्हापुन्हा आपटलेल्या एकाला त्यांनी ‘मॅट्रिकच्या परीक्षेचा दांडगा अनुभव’ दिला. म्हशी राखणारा एक गडी रेल्वेच्या फाटकावर लागू पाहत होता. त्याच्याबद्दल लिहिलं, ‘हट्टी वाहतूक थोपवण्याचा लहानपणापासूनचा सराव’. गडी लागला. त्यानंतर काकांना आवरणं कठीण झालं.

त्यांचा एकच नियम होता: अर्जात अशुभ शब्द यायचा नाही, आणि ‘नाही’ हा सगळ्यांत अशुभ. आमच्याकडं बायका तांदूळ संपले असं म्हणत नाहीत. तांदूळ ‘उदंड झाले’ म्हणतात, नाहीतर ‘वाढले’. दिवासुद्धा विझवत नाहीत, वाढवतात. घरातली ही रीत काकांनी उचलून थेट सरकारदरबारी नेली, आणि मग ती त्यांच्या बोलण्यातही भिनली. कर्जतच्या चहावाल्यानं एकदा मुद्दाम विचारलं, “काका, तुमच्याकडं हत्ती हाय का?” काकांनी कपातला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “यायचाय अजून.”

वडील गेले, खंडानं केलेली शेती सुटली, आणि आमच्या चुलीवर काय शिजवायचं हा रोजचा प्रश्न झाला. मी थोरला. कर्जतच्या धान्य-कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली होती. ती मिळाली तर धाकट्या भावंडांची शाळा चालेल, नाहीतर आई सगळ्यांना घेऊन माहेरी जाणार हे ठरलं होतं. काकांनी दोन दिवस खपून माझा अर्ज लिहिला. मला येत काय होतं? गावच्या लग्नांत पंगतीला वाढायला. काकांनी त्याचं केलं, ‘मोठ्या जमावास वेळेत, सारखे आणि तंट्याविना अन्न वाटण्याचा अनुभव’. मी खूश. शेवटची दोन वाक्यं त्यांनी मला वाचून दाखवली नाहीत, आणि माझं इंग्रजी विचारायच्या लायकीचं नव्हतं.

ती वाक्यं मला साहेबांच्या तोंडून कळली. साहेब मुलखाबाहेरचे, मराठी शिकून घेतलेलं. अर्ज समोर धरून ते म्हणाले, “तुमचे वडील मोठ्या दरबारात कामाला आहेत. घरात तांदूळ उदंड आहेत. असं तुम्हीच लिहिता.”

साठेबाजी केली म्हणून माणसं पकडली जात होती ते दिवस. ‘वडील देवाघरी गेले’ हे काकांच्या इंग्रजीतून ‘वरिष्ठ दरबारी रुजू झाले’ असं बाहेर पडलं होतं.

“झडती घेतली आणि तांदूळ सापडले तर तुम्ही तुरुंगात,” साहेब म्हणाले. “सापडले नाहीत तर अर्ज खोटा. सांगा, कुठलं खरं?”

अर्ज काकांनी लिहिला आणि ते माझ्याबरोबर आलेत, एवढं मी सांगितलं. पट्टेवाल्यानं बाहेरच्या बाकावरून काकांना आत आणलं. साहेबांनी विचारलं, “यांच्या घरात तांदूळ आहेत?”

“वाढलेत, साहेब,” काका अदबीनं म्हणाले.

“म्हणजे आणखी वाढले?”

“ते येगळं, साहेब. उदंड झाले म्हंजे...”

“झडतीला माणसं पाठवा,” साहेब पट्टेवाल्याला म्हणाले. घरात आई एकटी होती. दारात शिपाई पाहून तिचं काय होईल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं आलं. पट्टेवाला दारापर्यंत गेला.

“थांबा!” काका ओरडले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. कपाळावर घाम डवरला होता. मग खाली बघत ते म्हणाले, “नाय. तांदूळ नाय साहेब यांच्या घरात. बाप नाय. मिळवतं मानूस नाय.”

वडील नाहीत हे आमच्यासमोर तोवर कुणी असं उघड म्हटलं नव्हतं. मला तिथं, त्या कचेरीत, रडू आलं. साहेबांनी अर्ज खाली ठेवला आणि पट्टेवाल्याला परत बोलावलं. मग मला विचारलं, “पंगतीत भात कमी पडतोय असं दिसलं, तर काय करता?”

“शेवटच्या पानापासून वाढायला घेतो,” मी डोळे पुसत म्हणालो. “पुढं बसलेल्यांना आधी पोटभर मिळालेलं असतं.”

साहेब पहिल्यांदा हसले. सोमवारपासून यायला सांगितलं.

नोकरी मिळाली, पण काका आमच्या घरी न येता वाटेतूनच कळंबला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच कळंबहून चालत आले. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, वर घोंगडी. आई संकोचली, “भावजी, एवढं कशाला?”

“वयनी, तुमच्या घराला मी अशुभ बोललो,” काका म्हणाले. “बोललेलं घराला लागू नये, म्हणून आनलं.” चहालाही न थांबता ते परत फिरले.

माझा पहिला पगार होईपर्यंत आम्ही तोच भात खाल्ला. त्या दिवसांत कळंबच्या घरी दोन्ही वेळा नाचणीची भाकरी होती, हे काकू फार पुढं, काका गेल्यावर, आईला बोलून गेल्या. कुणी विचारलं तर काका सांगत म्हणे, “भात हल्ली पोटाला जड जातो.” लोकांना ते पटायचं. आम्हालाही पटलं होतं.